पाठकोरी यादी

३ जानेवारी

चि. धाकटीस,

देवापुढे दिवा लावला आणि पहिलं पत्र तुलाच लिहायला बसले. तुझ्या डोक्यावर माझा हात आहे असं समज.

रविवारी मुंगीचं लग्न ठरलं. मुलगा पाणीखात्यात आहे, जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढतो. बोलतो कमी, ऐकतो जास्त. ह्यांच्या अगदी उलट. ह्यांनी त्याला तासभर गोदामातल्या उंदरांचा बंदोबस्त ऐकवला आणि त्यानं एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, हा टिकेल. त्याची आई शाळेत शिवण शिकवते. आमच्या पडद्याची दुमड उलटून पाहिली आणि मान हलवली. पास झालो असू.

आता कामाला लागायचं. नोंदणी करायची, मग शाळेच्या सभागृहात जेवण, एवढंच दोन्हीकडून ठरलंय. मी आधी माणसांची यादी केली, घरटी. अमुक घर, माणसं इतकी. एकशे अठरा झाली. हे म्हणाले, शंभरात बसव. मी म्हटलं, कुणाला उठवायचं ते तुम्ही सांगा. बाहेरगावचे शेवटी घेतलेत. त्यात एक्केचाळिसावी तू, माणूस एक. यादी कच्ची आहे, पाठकोऱ्या कागदावर. तुला ठाऊकच आहे, एक बाजू कोरी असलेला कागद माझ्या हातून फेकला जात नाही. पक्की करायला मुंगीला दिली आहे, तिचं अक्षर सुबक.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. नोंदणीचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो आणि त्याला दोघांचे जन्मदाखले जोडायचे असतात. मुलगा हे सहज बोलून गेला. तो कागद मी कधी पाहिला नाही, पण त्यावर काय असेल ते मला पाठ आहे. आई म्हणून तुझं नाव. बाप म्हणून त्याचं, जो ती जन्मायच्या दोन महिने आधी गेला. तू तेव्हा वीस वर्षांची, शिकाऊ नर्स. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झालेली आणि पाळणा माळ्यावर. आपली आई म्हणाली होती, "घरातल्या घरात कसला आलाय कागद?" म्हणून दत्तकाचा कागद केला नाही. चाळीस दिवसांची मुंगी मी दुपट्यात घेऊन आले. पुढे शाळेत ह्यांच्या शब्दावर आमची नावं लागली, आणि त्यानंतर कुणी विचारलं नाही.

जन्माची नोंद तुझ्याच गावच्या कचेरीत आहे, तुझ्या हॉस्पिटलसमोर. जाऊन विचार, शाळेच्या दाखल्यावर भागेल का, किंवा नावात काही फेरफार होतो का. मुंगीला कळता कामा नये. तेवीस वर्षं ती मला आई म्हणते आहे. लग्नाच्या तोंडावर तिनं माझ्याकडे परक्या नजरेनं पाहिलं तर मला ते सोसायचं नाही. देवाकडे आजवर स्वतःसाठी काही मागितलं नाही, हे मागते आहे.

नेहमीप्रमाणे मुंगीचा महिन्याचा मेळ.
जमा: जावई एक, ठरलेला.
खर्च: दाढ काढली, दोन दिवस गाल सुजला होता.
शिल्लक: तुझी लेक सुखरूप.

तुझी,
ताई


११ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. पत्र वाचून आधी खुर्चीत बसले आणि मग मुंगीसाठी आनंद झाला. हा क्रम चुकला, माफ कर.

ड्यूटी बदलून कचेरीत गेले. क्लार्क म्हातारा आहे, वहीची पानं पट्टीनं उलटतो. म्हणाला, मध्ये वाळवी लागली होती, बऱ्याच नोंदी गेल्या. क्षणभर वाटलं, सुटलो. पण आपलं पान धडधाकट निघालं. शाळेचा दाखला चालत नाही. नाव बदलायचं तर तेव्हाचा दत्तकाचा कागद हवा, तो आपल्याकडे नाही. शेवटी नक्कल मागितली. त्यानं विचारलं, "बाळाच्या आपण कोण?" मी म्हटलं, "नातेवाईक." त्यानं तसं लिहून घेतलं.

नक्कल माझ्या कपाटात आहे. तू सांगेपर्यंत पाठवणार नाही. पण ताई, तिला सांग. वॉर्डात मी एवढी वर्षं काढली. अवघड गोष्ट बिछान्याशेजारी बसून सांगायची असते, खिडकीतून कागद सरकवून नाही. त्या अर्जाच्या खिडकीवर तिला कळलं तर आपण दोघी कायमच्या तिच्या नजरेतून उतरू.

आणि यादीतून माझं नाव काढ. त्या आठवड्यात मला सुट्टी मिळणार नाही.

मुंगीला दाढेच्या जागी लवंगेचं तेल लाव म्हणावं. मिठाच्या गुळण्याही.

तुझी,
धाकटी


१७ जानेवारी

चि. धाकटीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तारीख अजून ठरलेली नाही, मग कुठल्या आठवड्याची सुट्टी मिळणार नाही ते मला कळलं नाही.

सुचलं तसं लिहिते, राग आला तर येऊ दे. 'तिला सांग' हे लिहायला तुला सोपं आहे. गोवर आला तेव्हा सतरा दिवस तिच्या उशाशी मी होते. पाढे मी म्हणून घेतले. मॅट्रिकपर्यंतचं माझं सगळं शिक्षण तिच्या अभ्यासात खर्ची पडलं. आता हात पिवळे करायची वेळ आली आणि तुला आठवलं की खरं बोलायला हवं? तुला हक्क सांगायचा असेल तर तसं सरळ लिही.

आणखी एक. मुंगीनं पक्की यादी करून दिली. अक्षर मोत्यासारखं, आकडे सगळे जुळतात. पण यादी चाळिसाव्या घरावरच संपते. तुझं नाव कुठेच नाही. माणसं एकशे सतरा. तू मला नाव काढायला लिहिलंस आणि तुझं पत्र पोचायच्या आधीच तिनं ते काढलेलं होतं. म्हणजे तू तिला परस्पर लिहिलंस. काय लिहिलंस? माझ्याकडून तर कळायला वाव नाही. तुला जाणारं प्रत्येक पत्र मी आधी कच्चं लिहिते, मग उतरवते, आणि कच्चं तिथल्या तिथे शेगडीत घालते. तेवीस वर्षांत यात चूक झाली नाही.

तिला विचारायचं धाडस होत नाही. चार दिवस ती जेवताना ताटाकडे बघते. मी वाढते, ती 'पुरे' म्हणते. काल पूजेला बसले तर नेहमीच्या स्तोत्राच्या ओळी मधेच तुटल्या, कधी नाही ते.

मेळ महिन्याच्या महिन्याला लिहीन.

ताई


१८ जानेवारी

प्रिय मावशी,

माझं पत्र बघून चकित होशील. आजवर तुला वाढदिवसाच्या चार ओळींपलीकडे काही लिहिलं नाही. हे वाचनालयातून, कामावरून लिहितेय. दुपारी इथे वर्तमानपत्रावर झोपलेल्या एका निवृत्त मास्तरांशिवाय कुणी नसतं.

आईनं मला लग्नाची यादी पक्की करायला दिली. इथेच बसून उतरवत होते. एक्केचाळिसाव्या नावावर पान संपलं. धाकटी, बाहेरगाव, माणूस एक. पुढची नावं मागे असतील म्हणून कागद उलटला. मागे नावं नव्हती. आईच्या अक्षरात एक डिसेंबरचं पत्र होतं, खाडाखोड केलेलं. 'जमा: नवा चष्मा. खर्च: खोकला, चार दिवस. डावखुरेपणात तुझ्यावरच गेली आहे, एवढी वर्षं चमचा उजव्या हातात देऊन देऊन मी हरले. शिल्लक: तुझी लेक सुखरूप.'

आधी वाटलं, आईनं कुणासाठी तरी पत्र लिहून दिलं असेल, शेजारणींना देते तसं. मग वरच्या ओळीत 'मुंगी' दिसलं. मी डाव्या हातात पेन धरून बसले होते.

एक डिसेंबरला मुलाकडचे लोक पहिल्यांदा आमच्याकडे आले होते. पाहुणे दारात आणि आई स्वयंपाकघरात. त्या घाईत तो कागद शेगडीऐवजी पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात गेला असणार. जी बाई पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवते तिच्याकडून दुसरं काय होणार?

मला राग कुणाचा आलाय तेच ठरत नाही. दर महिन्याला माझ्याबद्दल एक पत्र जायचं आणि ते पेटीत टाकायला मीच जायची, शाळेच्या वाटेवर. पत्ता सरळ आहे ना ते बघ, असं आई बजावायची. तुम्ही दोघींनी मिळून मला एका वहीत ठेवलंत आणि ती वही मलाच वाहायला लावलीत.

त्याला सांगितलं, पाणीखात्यातल्याला. तो म्हणाला, "पाइप कुठून आला ते नकाशात लिहावंच लागतं. पण पाणी ज्या घरात रोज भरतात, ते त्या घरचं." थोड्या वेळानं विचारलं, "हे जरा जास्तच झालं का?" मी म्हटलं, हो. पण हात सोडला नाही.

तुला एकच विचारायचंय. तुला मला द्यायचं होतं का?

आईला यातलं काही लिहू नकोस. ती आपणहून सांगेल याची मी वाट बघतेय. रोज जेवायला बसले की वाटतं, आज सांगेल. नाही सांगितलं, तर अर्जाच्या खिडकीवर तो दाखला पहिल्यांदाच बघतेय असं मी दाखवीन. ते मला जमेल. पण मग ते जन्मभर दाखवत राहावं लागेल, तिलाही आणि मलाही.

तुझं नाव मी यादीत घेतलेलं नाही. का, ते आईनं विचारलं तर तिला सांगेन.

मुंगी


२४ जानेवारी

चि. मुंगीस,

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. नाही. द्यायचं नव्हतं.

तरी दिलं. नवरा गेलेला, शिकाऊ नर्सांच्या वसतिगृहात एका खोलीत चौघीजणी, आणि बाळ घेऊन तिथे राहता येत नव्हतं. शिक्षण सोडलं असतं तर तुला वाढवायला हातात काहीच नव्हतं. माझ्या आईनं मार्ग काढला, आणि तो मार्ग तेव्हा सगळ्यांना देवानंच दाखवल्यासारखा वाटला. तुला नेल्यावर आठव्या दिवशी छातीला फडकं घट्ट बांधून मी वॉर्डात उभी राहिले. कुणाला काही कळलं नाही.

पण ताईनं तुला हिसकावून नेलं असं कधी मनात आणू नकोस. ती उंबरठ्यावरून दोनदा परत आली. दोन्ही वेळा विचारलं, "नक्की ना?" दुसऱ्यांदा मी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. म्हणूनच दार लावलं. एवढं ताईलाही माहीत नाही.

मेळ लिहायला मी तिला सांगितलं नव्हतं. पहिला महिना संपला आणि पत्र आलं: जमा, दोन शेर वजन, खर्च, एक उलटी. तेव्हापासून एकही महिना चुकला नाही. दोनशे शहात्तर पत्रं आहेत. पाकीट फोडलं की मी आधी शेवटची ओळ वाचते, मग वरून सुरुवात. तू चौथीत असताना एक पत्र अकरा दिवस उशिरा आलं. गोवर होता. ते अकरा दिवस मी इथे दुसऱ्यांच्या मुलांना औषधं देत होते आणि प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवून बघत होते.

दाखला तुला पाठवत नाही. ताईला पाठवते, आजच, वेगळ्या पाकिटात, सोबत एक अक्षरही न लिहिता. तिनं मला एक कडक पत्र लिहिलंय. मी तुला परस्पर कळवलं असं तिला वाटतं. वाटू दे. तो कागद तुझ्या हाती तिच्याच हातून यायला हवा. तू सांगितल्याप्रमाणे मी तिला काही कळवणार नाही.

यादीतून मला काढलंस ते बरं केलंस. सुट्टीचं मी खोटंच लिहिलं होतं. तुझ्याशेजारी उभी राहिले तर लोक आपल्या हनुवट्या बघतील, आणि तो दिवस ताईचा आहे.

त्या पाणीखात्यातल्याला म्हणावं, जास्त नाही झालं.

मावशी


४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माझ्या लेखणीला तरी कुठे आहे? सतरा तारखेचं पत्र तू जपून ठेवू नकोस. बाकीच्या गठ्ठ्यात ते घालू नकोस.

दाखल्याचं पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, तेवढ्यावरून तुझं म्हणणं कळलं. तीन दिवस तो कागद देवाच्या तसबिरीमागे ठेवला. रोज दिवा लावताना म्हणायची, तूच काहीतरी कर. चौथ्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. देवाच्या आड लपवलेली वस्तू देवच बाहेर कशी काढील?

परवा सकाळी हे गोदामाला गेल्यावर तांदूळ निवडायला घेतले. मुंगीला सुट्टी होती. ती समोर बसून सुपातले खडे काढू लागली. मी वर न बघता सांगायला लागले. आई काय म्हणाली, तू किती वर्षांची होतीस, दुपटं कसलं होतं, मी कुठल्या गाडीनं आले, सगळं. सांगता सांगता निवडलेले आणि न निवडलेले एकत्र करून टाकले. मग उठले, तसबिरीमागून दाखला काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं तो वाचला. बराच वेळ वाचला, चार ओळींचा कागद. मग उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. सूप तसंच हातात धरून मी बसून राहिले. ती आली ती माझी कच्ची यादी घेऊन. माझ्यासमोर धरली आणि उलटी केली.

धाकटे, आयुष्यभर कागद वाचवले, त्यातल्या एकानं मला उघडं पाडलं. आणि मी चोर तुला ठरवलं.

तिला विचारलं, कधीपासून ठाऊक आहे? म्हणाली, तीन आठवडे. मग गप्प का राहिलीस? म्हणाली, "तू सांगायची वाट बघत होते." एवढं बोलली आणि मगच रडली. मीही. तांदूळ धुवायचेच होते.

सगळं लगेच सुरळीत झालं असं लिहिणार नाही, तुझ्याशी खोटं कशाला? अजून मधूनच ती माझ्याकडे बघत राहते, हिशेब तपासल्यासारखी. काल विचारलं, मी आजारी असताना मावशीला का बोलावलं नाहीस? भीती वाटायची एवढंच म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. पण हाक आईच मारते. सकाळी दोनदा उगाचच मारली, काम काही नव्हतं. ह्यांनाही सांगून टाकलं की पोरीला कळलं आहे. हे तेव्हापासून तिच्याशी उंदरांचा विषय काढत नाहीत, म्हणजे किती हादरलेत बघ.

शेवटी यादीचं विचारलं. आता विचारायला काही उरलं नव्हतं, म्हणून धीर आला. म्हटलं, मावशीवर राग आहे म्हणून नाव काढलंस का? तर माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आई, यादीत तुझं नाव कुठे आहे? बाबांचं? माझं? घरच्या माणसांना कुणी आमंत्रण देतं का?"

तेवीस वर्षं मी सगळ्याचा मेळ घातला, पण तुला बाहेरगावच्या पाहुण्यांत धरत आले ही चूक कधी सापडली नाही. ती पोरीनं एका बैठकीत काढली.

नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. एक त्यांच्याकडचा. एक हे. तिसऱ्या जागी मुंगीनं पेन्सिलीनं तुझं नाव घातलं आहे. हनुवटीचं म्हणशील तर तू तिला लिहिलेलं पत्र तिनं मला वाचायला दिलं. लोक बघतील तर बघोत. शिवणवाल्या विहीणबाईंना तिनं स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग सभागृहात पुढच्या रांगेत एक खुर्ची वाढवा. पडदा पाहून हलवली होती तशीच मान हलवली असेल.

त्या दाराचंही वाचलं. तिसऱ्यांदा मी आले होते, धाकटे. दार बंद दिसलं म्हणून वाजवलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरले. हे मी कुणाला कधी बोलले नाही. तूही त्या वेळी दाराच्या आत उभी असशील असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. की वाटलं होतं, आणि तरीही मी उतरले. ते तू आलीस की समोर बसून ठरवू. काय म्हणशील ते ऐकून घेईन.

तारीख अजून धरलेली नाही. मुंगी म्हणते, आधी मावशीची सुट्टी, मग तारीख. तेव्हा सुट्टीचा अर्ज टाक आणि कळव. चार दिवस आधी ये. माळ्यावरचा पाळणा काढून पुसायचा आहे, आत्ताच लागणार नाही, पण जागा अडवून बसलाय आणि तो खाली घ्यायला दोघी लागतात.

हे पत्र कच्चं न करता लिहिते आहे, कोऱ्या कागदावर. खाडाखोड दिसेल. पेटीत टाकायला मुंगीच चालली आहे, पाकीट तिनंच चिकटवलं तर तिला वाचता येईल म्हणून उघडंच देते.

महिन्याचा मेळ मात्र या खेपेला लिहीत नाही. येऊन तूच बघ.

तुझी,
ताई